लघुपटांतील माणूस आणि त्याचा आवाज

भारतीय चित्रपटाचा इतिहास सांगताना आपण बहुधा दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून आरंभ करतो. कथापटापुरते ते यथार्थच आहे. परंतु त्याच्या चौदा वर्षे आधी, १८९९ मध्ये, मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी हँगिंग गार्डनमध्ये दोन मल्लांची कुस्ती टिपली होती. माकडवाल्याच्या खेळाचेही त्यांनी चित्रण केले. देवादिकांच्या आधी भारतीयाच्या कॅमेऱ्याला दिसले ते पैलवान आणि माकडवाला. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे विलायतेहून परतले, तो स्वागतसमारंभही सावेदादांनीच टिपला.

त्या मूक चित्रांतील माणसे बोलत नव्हती, हे यंत्राचे वैगुण्य होते. पुढे ध्वनी आला, तरीही लघुपटातील सामान्य माणूस दीर्घकाळ मुकाच राहिला. याचे कारण मात्र यंत्रात नव्हते.

१९४८ साली केंद्र सरकारने फिल्म्स डिव्हिजनची स्थापना केली. प्रत्येक चित्रपटगृहाने मुख्य खेळापूर्वी मान्यताप्राप्त अनुबोधपट वा वृत्तपट दाखवावा आणि त्याचे भाडेही भरावे, ही ब्रिटिश अमदानीतील युद्धकालीन सक्ती स्वतंत्र भारतातही चालू राहिली. त्यामुळे धरणे, कालवे, हातमाग, लसीकरण हे सारे विविध भाषांतून देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचले. पण पडद्यावर विणकर दिसे आणि त्याच्याविषयी बोले तो निवेदक! विणकराला काय वाटते, हे कोणी विचारीत नसे. प्रेक्षकही धूर्त, निवेदकाचा धीरगंभीर स्वर संपेपर्यंत तो बाहेर चहा घेत उभा राही.

ही कोंडी फुटली ती १९६५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत, ज्याँ भावनगरी या संस्थेचे सल्लागार असताना. १९६७ साली एस. एन. एस. शास्त्री यांनी ‘आय ॲम ट्वेंटी’ हा लघुपट केला. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या, वीस वर्षांच्या तरुण-तरुणींना त्यांनी देशाविषयी विचारले आणि उत्तरे तशीच ठेवली. कोणी आशेने बोलतो, कोणी सरळ कंटाळा व्यक्त करतो. सरकारी पैशाने काढलेल्या चित्रपटात सरकारच्या कारभाराबद्दलचा असमाधानाचा सूर ऐकू यावा, हे मला त्या काळातील मोठे धाडस वाटते. याच सुमारास सुखदेव यांनी ‘इंडिया ६७’मध्ये निवेदन अजिबात गाळून टाकले. मात्र त्याच सुखदेवांनी आणीबाणीत, १९७६ साली, तिचा गौरव करणारा ‘थंडर ऑफ फ्रीडम’ काढला, हेही नोंदविले पाहिजे. मिळालेला अवकाश किती तकलादू होता, ते यावरून दिसते.

१९७८ मध्ये विधु विनोद चोप्रा यांच्या ‘ॲन एन्काउंटर विथ फेसेस’ने मुंबईच्या निराधार मुलांना बोलते केले आणि तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला.

महाराष्ट्राबाहेरील आपल्या मराठी मंडळींना विशेष जवळचे वाटावे असे नाव म्हणजे विजया मुळे. मुंबईत १९२१ साली जन्मलेल्या विजयाताई विवाहानंतर पाटण्यास गेल्या आणि तेथेच चित्रपटसंस्थांच्या चळवळीत ओढल्या गेल्या. पुढे दिल्लीतही त्यांनी तेच काम केले. १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी केलेला ‘एक अनेक और एकता’ हा सात मिनिटांचा व्यंगपट दूरदर्शनमुळे घरोघर गेला. त्याला संगीत होते वसंत देसाई यांचे. उपदेश त्यातही आहे, नाही असे नाही. परंतु तो निवेदकाच्या तोंडी नसून दीदीला प्रश्न विचारणाऱ्या मुलांच्या खेळातून येतो. विजयाताई २०१९ साली निवर्तल्या.

२०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजनचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले. सावेदादांची कुस्ती आता पाहावयास मिळत नाही. शास्त्रींची वीस वर्षांची मुले मात्र अद्याप पडद्यावर बोलत आहेत. मंडळांच्या वार्षिक कार्यक्रमांत नाटक असते, गाणे असते. त्यांच्या जोडीला या लघुपटांसाठी एक संध्याकाळ काढणे कठीण नाही.