बेचव जेवणासाठी प्रसिद्ध असलेलं मेक्सिकन हॉटेल पुन्हा कसं उभं राहिलं? ‘कासा बोनिता’ची गोष्ट

एखाद्या हॉटेलातलं जेवण बेचव असेल तर काय होतं? लोक जाणं बंद करतात आणि हॉटेलला कुलूप लागतं. पण अमेरिकेत एक मेक्सिकन हॉटेल असं आहे, जे बेचव जेवण देत देत पंचेचाळीस वर्षं चाललं. ते बंद पडलं तेव्हा लोक हळहळले, ते वाचवायला मोहीम उभी राहिली आणि शेवटी दोन माणसांनी ते विकत घेऊन त्यावर 4 कोटी डॉलरहून जास्त पैसे ओतले.

या हॉटेलचं नाव कासा बोनिता. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ ‘सुंदर घर’. कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहराला लागून असलेल्या लेकवूडमध्ये ते आहे.

हॉटेलात धबधबा

बिल वॉ नावाच्या उद्योजकाने 1968 मध्ये ओक्लाहोमा सिटीत पहिलं कासा बोनिता काढलं. नंतर इतर शहरांतही शाखा निघाल्या. लेकवूडची शाखा 1974 मध्ये सुरू झाली आणि तीच सगळ्यात जास्त गाजली.

जागा मात्र अगदी साधी. कोलफॅक्स अव्हेन्यू या रस्त्यावर दुकानांचे गाळे असलेलं एक कॉम्प्लेक्स, समोर पार्किंग. त्यात मध्येच 85 फूट उंच गुलाबी मनोरा आणि वर सोनेरी घुमट. आत शिरलं की सुमारे 52 हजार चौरस फुटांचं मेक्सिकन गाव उभं केलेलं. खोटी ताडाची झाडं, खोटे दगडी कडे, मुलांना घाबरवणारी ‘ब्लॅक बार्ट’ची गुहा, कठपुतळ्यांचे खेळ, गाणारे वादक.

आणि मधोमध 30 फुटांचा धबधबा. हा मात्र खऱ्या पाण्याचा. त्याच्या कड्यावरून सूर मारणारे खाली कुंडात उड्या घेतात आणि आजूबाजूच्या टेबलांवर लोक जेवत असतात.

आत जायचं तर जेवण घ्यावंच लागायचं. म्हणजे ताट हेच तिकीट. त्या ताटाबद्दल डेन्व्हरकर वर्षानुवर्षं विनोद करत आले. त्याला अपवाद एकच, सोपापिया. मैद्याची, पुरीसारखी टम्म फुगणारी ही तळलेली पोळी मधाबरोबर खातात. ती हवी तितकी मिळायची. आणखी हवी असेल तर टेबलावरचा छोटा झेंडा वर करायचा, की वाढपी हजर.

तरीही गर्दी कमी झाली नाही. डेन्व्हर परिसरात लहानपण गेलेल्या अनेकांचा एक तरी वाढदिवस इथे साजरा झालेला असतो.

कार्टमन आला आणि नाव जगभर गेलं

ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांचं लहानपणही डेन्व्हरच्याच आसपास गेलं. दोघं कोलोरॅडो विद्यापीठात भेटले आणि पुढे त्यांनी ‘साउथ पार्क’ ही प्रौढांसाठीची कार्टून मालिका काढली.

2003 मध्ये या मालिकेचा एक भाग आला, त्याचं नावच ‘कासा बोनिता’. काइलचा वाढदिवस तिथे असतो, पण कार्टमनला बोलावणं नसतं. मग काइलने बटर्सऐवजी आपल्याला न्यावं म्हणून कार्टमन ‘पृथ्वीवर उल्का आदळणार’ अशी थाप मारून बिचाऱ्या बटर्सला लपवून ठेवतो.

हा भाग पाहून परदेशातल्या अनेकांना वाटलं की हे हॉटेल काल्पनिक आहे. ते खरोखर आहे असं कळल्यावर लोक मुद्दाम वाट वाकडी करून लेकवूडला यायला लागले. 2015 मध्ये लेकवूड शहराने या वास्तूला ऐतिहासिक स्थळाचा दर्जाही दिला.

कोविड, कुलूप आणि दिवाळखोरी

मार्च 2020 मध्ये कोविडमुळे हॉटेल बंद झालं, ते बंदच राहिलं. 2021 मध्ये मालक कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. आता हे सगळं पाडणार की काय, अशी भीती पसरली. चाहत्यांनी ‘हॉटेल वाचवा’ मोहीम सुरू केली, वर्गणी गोळा केली.

ऑगस्ट 2021 मध्ये पार्कर आणि स्टोन यांनी कोलोरॅडोचे गव्हर्नर जेरेड पोलिस यांच्याशी बोलताना जाहीर केलं की कासा बोनिता आपण घेतोय. सौदा ठरला 31 लाख डॉलरना.

खरा खर्च त्यानंतर सुरू झाला. 1974 च्या इमारतीत वीज, पाण्याचे पाइप, हवा खेळवण्याची यंत्रणा, स्वयंपाकघर असं बहुतेक सगळंच जुनं झालेलं. त्यात इमारतीत धबधबा आणि पोहण्याचं कुंड, म्हणजे वर्षानुवर्षांची ओल. जे उघडावं ते बदलावं लागत होतं. आकडा वाढत वाढत 4 कोटी डॉलरच्या पुढे गेला. म्हणजे खरेदीच्या किमतीच्या बारा पटींहून जास्त!

एवढ्या पैशात नवंकोरं हॉटेल बांधता आलं असतं. पण मग ते लोकांच्या आठवणीतलं कासा बोनिता राहिलं नसतं. त्यामुळे आतलं सगळं बदलूनही आत येणाऱ्याला ‘काहीच बदललं नाही’ असं वाटायला हवं, असा हा उलटा प्रकार होता. या सगळ्या उपद्व्यापावर आर्थर ब्रॅडफर्ड यांनी ‘कासा बोनिता मी आमोर’ नावाचा माहितीपट केला, तो 2024 मध्ये आला.

जिला नोकरी नाकारली, तीच मुख्य शेफ

एक गोष्ट मात्र बदलायचीच होती, ती म्हणजे जेवण. त्यासाठी दोघांनी डेना रॉड्रिगेझ यांना बोलावलं.

डेना मूळच्या मेक्सिकोतल्या चिहुआहुआ राज्याच्या. 1990 च्या दशकाच्या अखेरीस त्या डेन्व्हरला आल्या. हाताला काम हवं होतं, म्हणून त्यांनी कासा बोनितात अर्ज केला. तिथे त्यांना नकार मिळाला.

मग त्या ‘पानझानो’ या इटालियन हॉटेलात भांडी घासायला लागल्या. तिथल्या शेफ जेनिफर जॅसिन्स्की यांच्या हाताखाली त्या स्वयंपाक शिकल्या आणि एकेक पायरी वर चढत गेल्या. 2014 मध्ये त्यांनी भागीदारीत ‘वर्क अँड क्लास’ हे स्वतःचं हॉटेल काढलं, पुढे आणखी काढली. अमेरिकेत शेफ लोकांसाठी सर्वात मानाच्या समजल्या जाणाऱ्या जेम्स बिअर्ड पुरस्कारांच्या यादीतही त्यांचं नाव झळकलं.

ज्या हॉटेलने त्यांना साधी नोकरी दिली नाही, त्याच हॉटेलच्या स्वयंपाकघराची सूत्रं 2021 मध्ये त्यांच्या हातात आली.

काम सोपं नव्हतं. चाळीस जणांच्या हॉटेलात चांगलं मोले करणं वेगळं आणि दिवसाला शेकडो ताटं वाढताना तीच चव टिकवणं वेगळं. मोले म्हणजे सुक्या मिरच्या, मसाले आणि बिया वाटून मंद आचेवर शिजवलेला दाट रस्सा. डेना यांनी यादी आटोपशीर ठेवली. एन्चिलाडा, कार्निटास, मोलेतलं चिकन असे मोजके पदार्थ, पण नीट केलेले. सोपापिया आणि झेंडा मात्र जसेच्या तसे ठेवले. त्यांना हात लावायची हिंमत कोण करणार?

दार उघडलं, प्रश्नही आले

जून 2023 मध्ये पाहुणे यायला लागले. सुरुवातीला ईमेल यादीतून निवडलेल्यांनाच तिकीट मिळत होतं. जेवणासह तिकिटाचा दर मोठ्यांसाठी साधारण 30 ते 40 डॉलर. जेवण सुधारलंय, यावर बहुतेकांचं एकमत झालं.

पण हॉटेल फक्त मालक आणि शेफवर चालत नाही. उघडण्याच्या तोंडावर व्यवस्थापनाने टिपची पद्धत काढून वाढप्यांना तासाला 30 डॉलर ठरलेला पगार देऊ केला. आकडा ऐकायला मोठा होता, तरी टिप धरून त्याहून जास्त मिळाले असते, असं काही कर्मचाऱ्यांचं म्हणणं होतं. त्यांनी उघड नाराजी व्यक्त केली.

2024 मध्ये इथले सूर मारणारे आणि इतर कलाकार ‘अ‍ॅक्टर्स इक्विटी’ या रंगभूमी कलाकारांच्या संघटनेत सामील झाले. कड्यावरून रोज उड्या मारणाऱ्यांसाठी सुरक्षितता हा काही कागदावरचा मुद्दा नव्हता. 2025 मध्ये त्यांनी थोड्या दिवसांचा संपही केला.

म्हणजे कासा बोनिता पुन्हा उभं राहिलं ते काही दोन श्रीमंत चाहत्यांच्या हौसेवरच नाही. पैसा त्यांचा होता. पण चव आणली ती एकेकाळी याच दारातून परत पाठवलेल्या बाईने, आणि धबधब्यावरून उडी मारून मुलांना टाळ्या वाजवायला लावणारे कलाकार आजही तिथे रोज काम करतायत. हॉटेल वाचलं, आता त्यात राबणाऱ्यांना काय मिळतं, यावर ते किती टिकेल हे ठरेल.