अकिल्लीची साक्ष

घर सोडून आलेला माणूस त्या घराबद्दल काही सांगू लागला, की लोकांचा त्यावर चटकन विश्वास बसतो. १८५० नंतर इंग्लंडात जाचिंतो अकिल्लीला असेच श्रोते मिळाले. हा माजी डॉमिनिकन संन्यासी. इन्क्विझिशनने आपल्याला कैदेत टाकल्याचे सांगत तो रोमविरुद्ध व्याख्याने देई. १८५१ साली बर्मिंगहॅमच्या व्याख्यानांत जॉन हेन्री न्यूमनने त्याला उत्तर दिले, पण त्याच्या चारित्र्यावर बोट ठेवून. स्त्रियांवरच्या अत्याचारांची जंत्रीच त्याने वाचली. न्यूमनही १८४५ मध्ये अँग्लिकन चर्च सोडून आलेला; म्हणजे त्यांच्या लेखी बाटगाच.

अब्रुनुकसानीचा खटला झाला. इटलीहून स्त्रिया साक्षीला आल्या, तरी जून १८५२ मध्ये ज्यूरीने न्यूमनला दोषी ठरवले. दंड अवघा १०० पौंड. खर्च मात्र हजारोंत गेला, आणि तो देशोदेशीच्या कॅथलिकांनी वर्गणी काढून भागवला.

अकिल्लीने स्वतःचे आयुष्यच पुरावा म्हणून पुढे केले होते, तेव्हा ते तपासणे मला गैर वाटत नाही. पण जंत्रीतले बरेच गुन्हे तो संन्यासी असतानाचे होते, ही गोष्ट बचावाला जड जाते. पुढच्या आवृत्तीत न्यूमनने तो उतारा गाळला. त्या जागी, निवाडा पुढच्या पिढ्यांवर सोपवणारे एक लॅटिन वाक्य आहे.