सहावा गठ्ठा



गणपतीला पुण्याहून नातू आला होता. आरती झाली की लॅपटॉप उघडून बसायचा. एकदा विचारलं, "अरे, सणासुदीला काय चाललंय?" म्हणाला, "आजोबा, व्हेक्टर डेटाबेसमधला जुना डेटा डिलीट करतोय. गटच्या गट."

मी पडलो जुना मराठीचा बी.ए. त्याने समजावलं ते असं. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याची यंत्र आकड्यांची एक ओळ बनवतं. अर्थ जवळचा असेल तर आकडेही जवळचे. प्रश्न विचारला की यंत्र जवळचे तुकडे शोधून देतं. गोम अशी, की रजेचा 2019चा नियम आणि आजचा नियम, दोघांचे शब्द जवळपास सारखेच. त्यामुळे ते शेजारीशेजारी बसतात आणि कधी कधी रद्द झालेला नियमच उत्तर म्हणून पुढे येतो! म्हणून प्रत्येक तुकड्याला वर्षाची, खात्याची चिठ्ठी लावून ठेवायची आणि वेळ आली की त्या चिठ्ठीचा सगळा गट एका हुकमात काढून टाकायचा.

मला हसू आलं. म्हटलं, "ही तर आमची सहा गठ्ठे पद्धत!"

सरकारी नोकरी केलेल्यांना ती ठाऊक असेल. कागदांचेही वर्ग असतात. 'अ' कायमचा, 'ब' 30 वर्षं, 'क' 10 वर्षं, 'क-1' 5 वर्षं आणि 'ड' एक वर्ष. पाचवा गठ्ठा अभिलेख कक्षात पाठवायचा, सहावा नष्ट करायचा. पद्धत चांगलीच. कोकणातला पाऊस आणि वाळवी बघता सगळंच जपू म्हणणाऱ्याचं काहीच उरत नाही.

पण चिठ्ठी माणूस लावतो. आणि इथे मला माझी चूक सांगायची आहे.

मी एका शाळेत मुख्याध्यापक होतो. तपासणी जवळ आलेली, कपाटाला वाळवी. जुन्या परिपत्रकांच्या ढिगात मोडीत लिहिलेल्या चार वह्या होत्या. आमचं बांदा 1948पर्यंत सावंतवाडी संस्थानात. 1950च्या दशकानंतर शाळेतून मोडी गेली, त्यामुळे मला ती वाचता येत नव्हती. वाचता येत नाही म्हणजे कालबाह्य, असा हिशेब मी केला. 'ड' लिहिलं आणि परसात जाळून टाकलं.

काही वर्षांनी एक गृहस्थ आले. "गुरुजी, आमच्या आज्याचा नाव खंयच्या रजिस्टरात गावात काय?" सापडलं नाही. त्या वह्यांत ते होतं की नव्हतं, देव जाणे. पण "नाही" म्हणताना माझी मान वर होईना.

आपला इतिहास अशाच रद्दीतून आलाय, मंडळी. राजवाड्यांनी घरोघरच्या दप्तरांतून कागद मिळवले. 1898 साली त्यांच्या साधनांचा पहिला खंड निघाला, त्यात पानिपतापर्यंतच्या काळातली पत्रं आहेत. सरदेसायांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड 1930 ते 34 या काळात काढले. त्या रुमालांतले कितीतरी कागद लिहिणाऱ्याच्या दृष्टीने त्याच आठवड्यात जुने झालेले! आणि अगदी अलीकडचं सांगायचं तर 2023 साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा शाळांची, जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरं उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली.

नातवाला हे सांगितलं. तो म्हणाला, "पण आजोबा, जुना नियम ठेवला तर लोकांना चुकीचं उत्तर मिळेल."

खरंच आहे त्याचं. मी म्हटलं, "काढ की! पण काढणं वेगळं आणि जाळणं वेगळं. रोजच्या टेबलावरून काढ, मूळ कागद पाचव्या गठ्ठ्यात ठेव. आणि ज्या गटातलं तुला वाचता येत नाही, त्याला तू चिठ्ठी लावू नकोस. वाचणारा शोध."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, मूळ फाइली वेगळ्या जागी आहेत का ते आधी बघतो. त्या दिवशी हुकूम दिला नाही त्याने.

असो. तुमच्या माळ्यावरही एखादी मोडी वही असेल. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईआधी ती उघडून बघा. आणि वाचणारा भेटला तर मलाही कळवा.