सुरजागडचे लोखंड दारावरून जाते, मग गाड्यांचा कारखाना इकडे का येत नाही? जाणून घ्या सविस्तर

गोंडपिपरी : एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरातले लोहखनिज घेऊन आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी मार्गाने जाणारे ट्रक तालुक्यातील लहान पोरांनाही ओळखू येतात. लोखंड गडचिरोलीचे, कोळसा चंद्रपूरचा, २९२० मेगावॅटचे महाऔष्णिक वीज केंद्र चंद्रपुरात, एका बाजूला वर्धा नदी तर दुसऱ्या बाजूला वैनगंगा. तरीही आयटीआय झालेला इकडचा पोरगा कामासाठी चाकण नाहीतर रांजणगावची बस धरतो. असे का होते? गाड्यांची कंपनी जागा निवडताना काय पाहते? उद्या इकडे कारखाना येणार अशी बातमी आली तर गावकऱ्यांनी काय तपासावे? याची माहिती पुढे दिली आहे.

गाड्यांचे कारखाने पुण्याकडे का गेले?

महाराष्ट्रात मोटारींचा धंदा सुरू झाला तो मुंबईत. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ मध्ये स्थापन झाली आणि तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. पुढे मुंबईत जागा अपुरी पडू लागली. १९६२ मध्ये राज्य सरकारने एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, सुरू केले. जमीन, रस्ता, पाणी, वीज अशी तयार जागा उद्योगांना मिळू लागली. आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टाटा (तेव्हाची टेल्को) आले. त्यांच्या मागे सुटे भाग बनवणारी शेकडो लहान-मोठी वर्कशॉप उभी राहिली. त्यामुळे पुढे चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आणि महिंद्रा आले तेव्हा माल पुरवणारे आणि काम जाणणारे कामगार तिथे आधीच होते.

एका गाडीत हजारो सुटे भाग असतात. सीट, काच, टायर, वायरिंग हा माल कंपनी महिनाभर साठवून ठेवत नाही. लागेल तसा तो रोजच्या रोज येतो. म्हणून पुरवठादार जवळ हवा. परदेशात गाड्या पाठवायच्या तर बंदर हवे. नागपूरहून मुंबईजवळचे न्हावा शेवा बंदर आठशे किलोमीटरहून दूर पडते. गोंडपिपरी तालुक्यात तर रेल्वेही नाही, गाडी धरायला बल्लारशाह गाठावे लागते.

वाळूजचे उदाहरण

मागास भागात मोटारींचा धंदा जातच नाही, असे मात्र नाही. बजाजने १९८० च्या दशकात औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाळूजला कारखाना काढला. मराठवाडा तेव्हा उद्योगात मागेच होता. एक मोठी कंपनी आली आणि तिला माल देणारे कारखाने आजूबाजूला तयार झाले. आज देशभर माल पुरवणारी एन्ड्युरन्स कंपनीही तिथलीच. नंतर शेंद्र्याला स्कोडा आली. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने त्याच जिल्ह्यात सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला. वाळूजचा पहिला कारखाना आणि हा करार यांत जवळपास चाळीस वर्षे गेली.

विदर्भातही सुरुवात झालेली आहे. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात आणि भंडाऱ्याजवळ गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे. पण त्यांच्याभोवती पुण्यासारखी पुरवठादारांची साखळी उभी राहिली नाही.

सरकार कंपनीला काय देते?

उद्योग यावेत म्हणून राज्याची ‘सामूहिक प्रोत्साहन योजना’ आहे. तिच्यात तालुक्यांचे गट पाडले आहेत. ‘अ’ गटात मुंबई-पुण्याचा पुढारलेला भाग येतो, तिथे सवलत सर्वांत कमी. ब, क, ड, ड प्लस असे खाली यावे तशी सवलत वाढते. उद्योग नसलेले जिल्हे आणि नक्षलग्रस्त भाग यांना सर्वांत जास्त सवलत आहे. गडचिरोली जिल्हा या योजनेत उद्योगविरहित म्हणून गणला गेला आहे. सवलत म्हणजे राज्याच्या वाट्याच्या जीएसटीचा परतावा, वीज शुल्कात आणि मुद्रांक शुल्कात माफी. मोठ्या गुंतवणुकीला सरकार वेगळे पॅकेजही देते.

पण सवलत काही वर्षांत संपते आणि वाहतुकीचा खर्च कारखाना चालेल तोवर लागतो. कंपनी हा हिशोब आधी करते.

लोखंड आहे, तरी का नाही?

कारच्या वजनात निम्म्याहून जास्त लोखंड-पोलाद असते. पण खनिजापासून गाडीचा पत्रा होईपर्यंत बरेच टप्पे असतात. खनिजाचे पेलेट, त्याचे स्पंज आयर्न, मग पोलाद, त्याचा जाड पत्रा, मग पातळ पत्रा आणि गंज लागू नये म्हणून त्यावर जस्ताचा थर. शेवटी तो पत्रा साच्यात दाबून दरवाजा किंवा बोनेट तयार होते. आपल्याकडून बराच काळ नुसते खनिजच बाहेर गेले. आता चामोर्शी तालुक्यात कोनसरीला लॉइड्स मेटल्सचा प्रकल्प उभा राहिला असून जुलै २०२५ मध्ये तिथल्या पेलेट प्रकल्पाचे आणि खनिज वाहून आणणाऱ्या पाईपलाईनचे उद्घाटन झाले. म्हणजे साखळीच्या पहिल्या कड्या जिल्ह्यात आल्या आहेत. पत्रा आणि सुटे भाग या पुढच्या कड्या, आणि जास्त माणसांना काम मिळते ते तिथेच. त्यामुळे नेत्यांकडे मागणी करायचीच असेल तर थेट कार कारखान्याआधी पोलादापासून पुढचा माल बनवणाऱ्या लहान कारखान्यांची करणे जास्त पदरात पडणारे आहे.

करार झाला म्हणजे कारखाना आला का?

नाही. सामंजस्य करार म्हणजे फक्त इरादा. तळेगावचे उदाहरण पाहा. जनरल मोटर्सचा कारखाना तिथे २००८ मध्ये सुरू झाला आणि २०२० च्या अखेरीस बंद पडला. तो घेण्यासाठी चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने २०२० मध्ये राज्याशी करार केला, पण २०२२ मध्ये तो बेत गुंडाळला. शेवटी ह्युंदाईने तो कारखाना घेतला.

बंगालमध्ये सिंगूरला टाटांच्या नॅनोसाठी सुमारे ९९७ एकर जमीन घेतली गेली. शेतकऱ्यांचे आंदोलन झाले आणि २००८ मध्ये प्रकल्प गुजरातला साणंदला गेला. जमीन परत करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. मधली सगळी वर्षे ना धड शेती, ना कारखाना. आपल्या जिल्ह्यातही भद्रावतीला १९९० च्या दशकात वीज प्रकल्पासाठी घेतलेली जमीन वर्षानुवर्षे पडून राहिली.

‘८० टक्के स्थानिक’ म्हणजे कोण?

सरकारी सवलत घेणाऱ्या उद्योगाने ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, अशी राज्याची अट आहे. पर्यवेक्षक पदांसाठी ही अट ५० टक्के आहे. पण इथे ‘स्थानिक’ म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी. कोल्हापूरचा पोरगाही या अटीत स्थानिकच ठरतो. तालुक्यातल्या किंवा जमीन गेलेल्या घरातल्या माणसाला प्राधान्य हवे असेल, तर ते जमीन देण्याआधीच लेखी करून घ्यावे लागते.

जमीन मागायला आले तर हे तपासा

• एमआयडीसी जमीन घेते तेव्हा आधी कलम ३२(२) ची नोटीस येते. त्यावर म्हणणे मांडायची संधी असते. मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

• त्यानंतर कलम ३२(१) ची अधिसूचना निघाली की जमीन सरकारची होते. दराची बोलणी संमतीने करायची की नाही हे समजून-उमजून ठरवा.

• सातबारा, वारस नोंदी आणि फेरफार आजच दुरुस्त करून घ्या. नोंद नसेल तर मोबदला अडतो.

• भोगवटादार वर्ग २ ची किंवा वनहक्क पट्ट्याची जमीन साध्या खरेदीखताने विकता येत नाही. वनजमिनीसाठी केंद्राची मंजुरी लागते. पेसा गावांत भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत बंधनकारक आहे.

• ‘एमआयडीसी येणार’ म्हणून घाईने जमीन मागणाऱ्या दलालाला इसार घेण्याआधी तहसील कार्यालयात चौकशी करा.

• नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

पोरांनी काय करावे?

वाहन आणि पोलाद या दोन्ही धंद्यांत लागणारे ट्रेड जवळपास सारखेच आहेत : फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट, मेकॅनिक मोटर व्हेईकल. आयटीआयनंतर एक वर्षाची अप्रेंटिसशिप केली तर प्रमाणपत्र देशभर चालते. आज चाकणला गेलेला फिटर उद्या कोनसरीलाही कामाला लागू शकतो. कारखाना कधी येईल हे कंपनीच्या आणि सरकारच्या हाती आहे. तो येईल त्या दिवशी गेटवर हातात काय घेऊन उभे राहायचे, एवढे मात्र आजपासून ठरवता येते.