डबा शाबूत, सेवा समाप्त



‘पीएचडी नेमकी कशावर करतेस?’ असं कुणी विचारलं की माझं एका वाक्यातलं उत्तर ठरलेलं आहे: घरातली यंत्रं निकामी कशी होतात, यावर. माझं शिक्षण एमएस्सी इलेक्ट्रॉनिक्सचं. त्यामुळे कपॅसिटर फुगणं, सोल्डर सुटणं, पट्टीवर गंज चढणं हे प्रकार ओळखीचे. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत यंत्र निकामी होण्याची एक वेगळीच तऱ्हा आली आहे. यंत्रात काहीही बिघडलेलं नसतं. दिवा लागतो, वायफाय मिळतं, स्पीकर ठणठणीत असतो. फक्त दूर कुठेतरी एक सर्व्हर बंद होतो किंवा कॅलेंडरवरची एक तारीख उलटते, आणि हातातला डबा कागदावरचं वजन होऊन बसतो. इंग्रजीत याला यंत्राची ‘वीट होणं’ म्हणतात. अगदी चपखल शब्द आहे.

आजचा लेख अशाच एका जातीच्या डब्यांबद्दल आहे: घरात गाणी किंवा व्हिडिओ लावणारी स्ट्रीमिंग यंत्रं. यांचं काम साधं असतं. कॉम्प्युटरवरून किंवा इंटरनेटवरून आशय घ्यायचा आणि स्पीकरला किंवा टीव्हीला द्यायचा. माझा मुद्दाही आधीच सांगून टाकते. असा डबा किती वर्षं चालणार, हे तो जुना झाल्यावर ठरत नाही. ते बरंचसं तो बनवताना ठरलेलं असतं, आणि विकत घेणाऱ्याला मात्र कुणी सांगत नाही.

आधी रेडिओकडे बघू

तुम्ही म्हणाल, दुसऱ्यावर अवलंबून असलेलं यंत्र ही काही नवी गोष्ट नाही. रेडिओही स्टेशनवर अवलंबून होताच की! बरोबर आहे. म्हणूनच आपल्या मुंबईचं उदाहरण उपयोगी पडतं. जुलै १९२७ मध्ये इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने मुंबईत रेडिओ केंद्र सुरू केलं. ही खासगी कंपनी होती, आणि १९३० सालीच ती गुंडाळावी लागली. प्रसारण सरकारने हाती घेतलं.

आता विचार करा, लोकांच्या घरातल्या रेडिओंचं काय झालं? काहीच नाही. कंपनी गेली, पण केंद्र त्याच पद्धतीच्या लहरी सोडत राहिलं. मध्यम लहरींवरचं प्रसारण ही कुणा एका कंपनीची खासगी भाषा नव्हती. रेडिओ बनवणारा एक, प्रसारण करणारा दुसरा आणि दुरुस्ती करणारा नाक्यावरचा तिसराच. तिघांपैकी एक गेला, तरी उरलेल्या दोघांचं चालायचं. स्ट्रीमिंगच्या डब्यात बऱ्याचदा हे तिघे एकच असतात. कंपनीच यंत्र बनवते, कंपनीच सर्व्हर चालवते आणि आतलं सॉफ्टवेअर फक्त कंपनीलाच बदलता येतं.

मालक एक, डबे दोन

२००० सालच्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये शॉन ॲडम्स यांनी स्लिम डिव्हायसेस नावाची छोटी कंपनी काढली. २००१ साली त्यांनी ‘स्लिम-पी-थ्री’ नावाचा डबा आणला (नावात एमपी-थ्री लपलेलं आहेच). डब्यात हार्ड डिस्क नव्हती. इथर्नेटची तार, एमपी-थ्री उलगडणारी चिप आणि अक्षरं दाखवणारी छोटी चमकती पट्टी, एवढंच. गाणी कुठली, पुढचं कुठलं, पट्टीवर कोणती अक्षरं दाखवायची, हे सगळं घरातल्या कॉम्प्युटरवरचा एक प्रोग्रॅम ठरवायचा. म्हणजे कान-तोंड डब्यात आणि मेंदू शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये.

तो प्रोग्रॅम पर्ल भाषेत लिहिलेला होता आणि मुक्त स्रोत परवान्याखाली खुला होता. कुणीही वाचावा, बदलावा, पुढे वाटावा. २००३ मध्ये त्याच घराण्यातला ‘स्क्वीझबॉक्स’ आला. २००६ मध्ये लॉजिटेक या मोठ्या कंपनीने स्लिम डिव्हायसेस विकत घेतली. पुढे घरातला कॉम्प्युटर चालू न ठेवताही रेडिओ स्टेशनं ऐकता यावीत, म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावरून चालणारी सोयही वाढत गेली. २०१२ साली लॉजिटेकने स्क्वीझबॉक्सचं उत्पादन थांबवलं.

याच लॉजिटेकने २०११ मध्ये ‘हार्मनी लिंक’ नावाचा दुसरा डबा आणला होता. किंमत सुमारे १०० डॉलर. तो स्वतः गाणी लावत नसे. फोनवरून आलेला हुकूम वायफायने घ्यायचा आणि टीव्ही, ॲम्प्लिफायर, प्लेअर यांना इन्फ्रारेडने द्यायचा, म्हणजे सगळ्या रिमोटांचा एक रिमोट. पण याचा मेंदू घरात नव्हता, तो लॉजिटेकच्या सर्व्हरवर होता.

नोव्हेंबर २०१७ मध्ये ग्राहकांना ईमेल गेला, की १६ मार्च २०१८ पासून हार्मनी लिंक चालणार नाही. कारण दिलं होतं, एका तांत्रिक प्रमाणपत्राची मुदत संपते आहे. ज्यांची वॉरंटी शिल्लक होती त्यांना बदली यंत्र फुकट आणि बाकीच्यांना नव्या यंत्रावर सवलत. लोक भडकले. सोफ्यासमोर बसून रोज वापरतो ते यंत्र, त्यात काही दोष नाही, आणि सवलत घेऊन दुसरं विकत घ्या म्हणता? काही दिवसांतच कंपनीने माघार घेतली आणि सगळ्याच मालकांना नवं हार्मनी हब फुकट देऊ केलं. जुने डबे मात्र ठरल्या तारखेला मेलेच. ग्राहकांच्या रागाने भरपाई मिळवून दिली, यंत्र वाचवलं नाही. कारण वाचवण्यासाठी हवा तो मेंदू त्यांच्या हातात कधी नव्हताच.

लोक नेमके कशावर चिडतात?

कंपन्यांना वाटतं, लोकांना नव्या सोयी मिळत नाहीत म्हणून ते चिडतात. २०२० मधलं सोनोसचं प्रकरण बघितलं की दिसतं, दुखणं वेगळं आहे.

सोनोसची पहिली यंत्रं २००५ साली बाजारात आली. घरभर वायरलेस स्पीकर, महागडे पण दणकट. २१ जानेवारी २०२० ला कंपनीने जाहीर केलं, की काही जुन्या यंत्रांना मे महिन्यापासून नवे अपडेट मिळणार नाहीत. त्यांची मेमरी आणि प्रोसेसर आता पुरत नाहीत. हे कारण खोटं नव्हतं. यंत्रं चालू राहणार होती. पण खोच पुढे होती: तुमच्याकडे एक जुनं आणि चार नवी यंत्रं एकत्र जोडलेली असतील, तर त्या चारांचेही अपडेट थांबणार होते. एकत्र कुटुंबातल्या आजोबांची पेन्शन थांबली म्हणून सगळ्यांचेच पगार थांबावेत, तसं.

त्याआधीच्या ऑक्टोबरमध्ये आलेली ‘रिसायकल मोड’ची योजना लोकांच्या मनात ताजी होतीच. जुन्या यंत्राच्या बदल्यात नव्यावर ३० टक्के सूट, पण त्यासाठी मालकाने जुनं यंत्र रिसायकल मोडमध्ये टाकायचं. २१ दिवस उलटले की ते कायमचं बंद. मग ते कुणाला देता येत नाही, सेकंडहँड विकता येत नाही. चालू स्पीकर मुद्दाम मारायचा आणि त्याला रिसायकलिंग म्हणायचं, हे पर्यावरणाची काळजी असणाऱ्यांना तर फारच लागलं.

घोषणेनंतर दोनच दिवसांत सोनोसचे प्रमुख पॅट्रिक स्पेन्स यांनी ग्राहकांना पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली. जुन्या यंत्रांना जमेल तितके दिवस दोष-दुरुस्ती आणि सुरक्षेचे अपडेट देऊ, जुनी आणि नवी यंत्रं वेगळी करायची सोय देऊ, असं सांगितलं. मार्चमध्ये रिसायकल मोड काढून टाकला गेला, आणि जूनमध्ये जुन्यांसाठी एस-वन, नव्यांसाठी एस-टू अशी दोन ॲप झाली.

या सगळ्या तक्रारींत मला तीन धागे पुन्हा पुन्हा दिसतात. एक, यंत्र चांगलं आहे. दोन, निर्णय आम्हाला न विचारता झाला. तीन, विकताना हे सांगितलं नव्हतं. यात ‘नवीन सोय द्या’ अशी मागणी फारशी नाहीच. आहे ते चालू राहू द्या, एवढंच म्हणणं. आणि सर्वात जास्त राग कुणाला? जे पहिल्या दिवसापासूनचे गिऱ्हाईक होते, ज्यांनी मित्रांना आग्रहाने हा स्पीकर घ्यायला लावला होता, त्यांना. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर वीस-तीस वर्षं टिकतात, हा त्यांचा अनुभव. फोनसारखं दर काही वर्षांनी बदलायचं, हा हिशेब त्यांच्या डोक्यात नव्हता, आणि तो का असावा?

प्रमाणपत्राची मुदत

हार्मनी लिंकच्या वेळी ऐकलेला प्रमाणपत्र हा शब्द मार्च २०२५ मध्ये परत आला. गूगलचं दुसऱ्या पिढीचं क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ, दोन्ही २०१५ सालची यंत्रं, ९ मार्चच्या सुमारास जगभर अचानक चालेनाशी झाली. फोन सांगू लागला, या यंत्रावर विश्वास ठेवता येत नाही.

झालं काय होतं? फोनशी जोडताना क्रोमकास्ट आपली ओळख पटवतं. त्यासाठी त्याच्यात एक डिजिटल प्रमाणपत्र असतं, त्यावर वरच्या अधिकारी-प्रमाणपत्राची सही, त्यावर आणखी वरच्याची, अशी साखळी असते. त्यातल्या मधल्या एका कडीची मुदत दहा वर्षांची होती, आणि ती त्या दिवशी संपली. ओळखपत्र खरंच होतं, फक्त त्यावरचा शिक्का शिळा झाला. गूगलने लोकांना फॅक्टरी रिसेट करू नका असं कळवलं आणि काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. ज्यांनी वैतागून आधीच रिसेट केलं होतं, त्यांना आणखी थांबावं लागलं.

इथे शेवट गोड झाला, कारण कंपनी जिवंत होती आणि तिने मनावर घेतलं. पण २०१५ मध्ये दहा हा आकडा कुणीतरी लिहिला, तेव्हाच त्या यंत्राच्या कपाळी एक तारीख लिहिली गेली होती. खोक्यावर ती छापलेली नव्हती.

स्क्वीझबॉक्सचं पुढे काय झालं

उत्पादन थांबल्यावर बारा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, लॉजिटेकने स्क्वीझबॉक्सचं संकेतस्थळही बंद केलं. हार्मनी लिंकच्या न्यायाने इथे सगळं संपायला हवं होतं. संपलं नाही. घरात सर्व्हर चालवायचा जुना मार्ग होताच, आणि त्याचा कोड खुला होता. स्वयंसेवकांनी कंपनीच्या संकेतस्थळावर टेकलेले भाग सोडवून घेतले, आणि त्याच २०२४ मध्ये या प्रोग्रॅमला ‘लिरियन म्युझिक सर्व्हर’ असं नवं नाव मिळालं. आज जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा कॉम्प्युटर घेऊन पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा स्क्वीझबॉक्स चालवता येतो.

याला चमत्कार समजू नका. जे फक्त संकेतस्थळाच्या भरवशावर होते, त्यांना धावपळ करावी लागली. घरी सर्व्हर उभा करणं प्रत्येकाला जमत नाही, आणि स्वयंसेवकांचा वेळ फुकट येत नाही. जुनं, अपडेट नसलेलं यंत्र नेटवर्कवर ठेवण्यात सुरक्षेचा धोकाही असतो. पण फरक बघा. एकाच कंपनीचे दोन डबे, दोघांचाही सपोर्ट गेला. एकाच्या मालकांकडे मार्ग उरला, दुसऱ्याच्या मालकांकडे उरली फक्त भरपाई. हा फरक २०१८ किंवा २०२४ मध्ये पडलेला नाही. तो मेंदू कुठे ठेवायचा आणि कोड खुला ठेवायचा का, या सुरुवातीच्या निर्णयांत पडला.

कायदा कुठपर्यंत आलाय

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंच्या उत्पादकांना सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत देणार, हे जाहीर करावं लागतं. किती वर्षं द्यायचे, ते कायदा सांगत नाही. पण तारीख लपवता येत नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या सायबर रेझिलियन्स कायद्यात साधारणपणे किमान पाच वर्षांच्या सपोर्टची अपेक्षा आहे. त्याच्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने नोव्हेंबर २०२४ मध्ये १८४ स्मार्ट वस्तूंची माहिती तपासली, तेव्हा जवळपास ८९ टक्के वस्तूंच्या उत्पादकांच्या संकेतस्थळांवर सपोर्ट किती काळ मिळेल, हे सापडलंच नाही. भारतात केंद्र सरकारने २०२२ साली ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. तिथे भर दुरुस्ती, सुटे भाग आणि वॉरंटीवर आहे. सुटा भाग बदलून सर्व्हर परत येत नाही, हा पुढचा प्रश्न आहे.

तोपर्यंत असा एखादा डबा घेताना दुकानात आवाज आणि पिक्चर तपासाच, पण तीन प्रश्नही विचारा. घरातलं इंटरनेट बंद असताना हा काय काय करू शकतो? कंपनीचं खातं न उघडता चालतो का? आणि अपडेट कोणत्या सालापर्यंत, हे कुठे लेखी दिलंय का? दुकानदाराला बहुधा उत्तर माहीत नसेल, पण विचारा. मुंबईतला रेडिओ त्याची कंपनी बुडाल्यावरही चालला, कारण त्याची भाषा सगळ्यांची होती. आपल्या डब्यांबाबत एवढं मागणं काही फार नाही.