कोरड्या वर्षांतला पूर

नरसोबाच्या वाडीला कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावर दत्ताच्या पादुका आहेत. पावसाळ्यात पाणी एकेक पायरी घेत घाट चढते, उत्तरेकडून देवळात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या दारापाशी स्नान करायला दूरदूरची माणसे येतात. हा दक्षिणद्वार सोहळा. पाणी आणखी वर आले की उत्सवमूर्ती उंचावर हलवतात, पूजाअर्चा तिथे चालू राहते, आणि पूर ओसरला की गाळ काढून देऊळ धुतात. याला भाबडी श्रद्धा म्हणून बाजूला सारता येईल, पण त्यात एक चोख व्यवस्था आहे. पाणी येणार हे गृहीत धरलेले आहे आणि ते आले की काय कुठे न्यायचे हेही ठरलेले आहे. कोल्हापूर-सांगलीच्या महापुरांचा इतिहास पाहताना हे गृहीतक कधी सुटले तेच मला शोधावेसे वाटते. कारण या पुरांची हानी पावसाच्या आठ दिवसांत दिसत असली, तरी ती ठरते दोन पुरांमधल्या कोरड्या वर्षांत.

जुन्या वसाहतींची रचना पाहा. काठच्या बहुतेक गावांत गावठाण उंचवट्यावर आणि नदीलगत मळीची जमीन. पुराने आणलेल्या गाळावर कृष्णाकाठची वांगी पोसली, त्यामुळे त्या जमिनीवर घर बांधणे म्हणजे पीकही घालवणे आणि घरही. अडकलेल्यांना बाहेर काढायला गुऱ्हाळातली काहील कामी यायची. उसाचा रस आटवायची ती अवाढव्य कढई पाण्यात सोडली की तीच नाव. अभियांत्रिकीतही हा समजूतदारपणा उतरला. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात दगडी खांबांच्या मधे बरगे घालून पाणी अडवतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते काढून घेतात. उन्हाळ्यात अडवायचे आणि आषाढात वाट मोकळी करायची, एवढी साधी गोष्ट. पण पुराशी झुंजायचे नाही हा निर्णय तिच्यात स्पष्ट आहे, आणि म्हणून मी तिला या भागाची सर्वांत शहाणी रचना मानतो.

मग बिघडले कुठे? 1914 साली कृष्णेला मोठा पूर आला होता. सांगलीत आज ज्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी मोजतात, तो 1929 साली खुला झाला. पुढे 1960च्या दशकात कोयना धरण उभे राहिले आणि सुमारे शंभर टीएमसी पाणी वर अडू लागले. धरणाचे उपकार मोठे आहेत, ते नाकारण्याचे कारण नाही. पण मधल्या आकाराचे, दर चार-दोन वर्षांनी मळीवर फिरून जाणारे पूर कमी झाले की ती जमीन कोरडी दिसू लागते. कोरडी दिसली की तिला शहराचा भाव येतो, आणि भाव आला की तिच्यावर प्लॉट पडतात. सांगलीतले सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर हे भाग नदीच्या अंगणातच वाढले. कोल्हापुरात जयंती नाल्याच्या आणि पंचगंगेच्या काठाने तेच झाले. त्यावर महामार्गाचे भराव आले. पुणे-बंगळुरू रस्ता शिरोलीपाशी 2019 आणि 2021 मध्ये पाण्याखाली जाऊन बंद पडला. पुराच्या पात्रात आडवा घातलेला भराव पाणी तुंबवणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की पाऊसच पूर्वीसारखा राहिलेला नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचा पुरावा मीच देतो. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्याची पेवे होती, जमिनीत खोल खणलेली, नदीच्या इतक्या जवळ असूनही कोरडी राहणारी. पाण्याच्या उंचीबद्दल पिढ्यांचा अंदाज त्या जागेत साठलेला होता. 2005च्या पुरात पाणी त्यांत शिरले. त्या वर्षी आयर्विन पुलापाशी पातळी 53 फुटांच्या वर गेली, 2019 साली 57 फुटांच्या वर. म्हणजे पूर्वजांचा अंदाजही अपुरा पडला. पण याच पुलापाशी इशाऱ्याची पातळी 40 फूट आणि धोक्याची 45 आहे, आणि नदीलगतच्या प्लॉटांतली कुटुंबे 40 फुटांच्या आसपासच सामान उचलू लागतात. ज्या घरात धोक्याची पातळी यायच्या आधीच पाणी येते, त्याचा दोष विक्रमी पावसावर कसा टाकणार?

दुसरा आक्षेप अलमट्टीचा, म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या धरणाच्या फुगवट्यामुळे इकडे पूर येतो हा. काठावर तो सर्वांत जोराने मांडला जातो. अलमट्टीची पायाभरणी 1964 सालची, म्हणजे 1914चा पूर त्याच्या पन्नास वर्षे आधीचा. 2019 नंतर नंदकुमार वडनेरे यांच्या समितीनेही त्या धरणाला मुख्य कारण मानले नाही. अनेक कार्यकर्त्यांना हा निष्कर्ष मान्य नाही. दोन राज्यांनी पाणी कधी सोडायचे याचा मेळ घालावा ही मागणी रास्तच आहे. मात्र अलमट्टीचे नाव घेणे सगळ्यांनाच सोयीचे पडते: नकाशा मंजूर करणाऱ्याला, प्लॉट विकणाऱ्याला आणि भराव टाकणाऱ्यालाही.

तिसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. जुनी व्यवस्था इतकी शहाणी होती, तर कोल्हापुरात पाणी सर्वांत आधी सुतारवाड्यासारख्या गरिबांच्या वस्तीत का शिरते? उंचवटा सगळ्यांच्या वाट्याला कधीच आला नव्हता. मातीच्या भिंती पुरात विरघळत आणि संसार उघड्यावर पडत; आजचे सिमेंटचे घर निदान उभे तरी राहते. हे सारे कबूल. मागे जा असे माझे म्हणणे नाही. पण पुराची सवय असलेल्या गावातली साधने आणि कौशल्ये मोडीत निघाली आणि त्यांच्या जागी तेवढ्या भरवशाचे काही आले नाही, हे 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला दिसले. गच्च भरलेली नाव उलटली आणि पूरग्रस्तच बुडाले.

मग निळ्या-लाल पूररेषा आखून आतल्यांना उठवायचे का? निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदाच्या. कागदावर हे सरळ आहे. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना 1989च्या पुरानंतर सोनतळीला जागा मिळाल्या. तरीही 2019 आणि 2021 मध्ये चिखलीतून माणसे बोटींनी काढावी लागली. त्यांना अडाणी म्हणणारे भेटतात. पण ऊस चिखलीत, गोठा चिखलीत, सकाळचे दूध चिखलीत. सोनतळीला काय, तर झोपायची सोय. सूर्यवंशी प्लॉटमधल्या कुटुंबाने रिकामी जमीन पाहून घर बांधले, चिखलीतल्या कुटुंबाने पूर येणार हे ठाऊक असून तिथेच राहायचे ठरवले. पूररेषेच्या नकाशावर मात्र दोन्ही घरे एकाच रंगाने रंगवली जातात.