हॅम्बुर्गचं सोनखत

मराठीत एक फार बोलका शब्द आहे, सोनखत. माणसाच्या मैल्यापासून केलेलं खत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याचा मैला राखेत मिसळून, वाळवून शेतकऱ्यांना विकला जायचा आणि कालव्याकाठच्या उसाला पडायचा. आमच्या आजोबांच्या पिढीला हा शब्द माहीत होता, आम्हाला माहीत आहे ते डीएपीचं पोतं. मधे नेमकं काय झालं हे शोधता शोधता मी पोचलो थेट जर्मनीतल्या हॅम्बुर्गला! का, ते सांगतो.

१६६९ साली या शहरात हेनिग ब्रांड नावाचा एक किमयागार राहत होता. सोनं करण्याचा नाद. मूत्र पिवळं, सोनंही पिवळं, तेव्हा त्यात काहीतरी असणारच, असा हिशोब. त्याने मूत्र साठवलं, आटवलं आणि उरलेला गाळ प्रचंड तापवला. सोनं काही मिळालं नाही, पण अंधारात चमकणारा एक पदार्थ हाती आला. तो फॉस्फरस. म्हणजे आज ज्याच्याशिवाय जगातलं एकही पीक उभं राहत नाही, ते मूलद्रव्य माणसाला पहिल्यांदा सापडलं ते मूत्रात.

आता एकदम पुढे येऊ. मे १८४२. हॅम्बुर्गला मोठी आग लागली, तीन दिवस शहर जळत होतं. त्यात सेंट निकोलाय हे जुनं चर्चही गेलं. नव्या चर्चचा पाया खणताना जुन्या उकिरड्याच्या थरात काही स्फटिक सापडले. गेओर्ग उलेक्स या रसायनतज्ज्ञाने १८४५ मध्ये त्यांचं वर्णन केलं आणि फॉन स्ट्रूव्ह या खनिजप्रेमी रशियन मुत्सद्द्यावरून नाव ठेवलं स्ट्रुव्हाइट. हे म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा खडा. जंतुसंसर्गामुळे होणाऱ्या मुतखड्यात हेच असतं. आणि नीट पाहिलं तर हे आयतं खत आहे: नायट्रोजन आणि फॉस्फरस दोन्ही एकाच खड्यात.

पण त्याच आगीनंतर शहरात दुसरीही एक खणाई चालू होती. विल्यम लिंडले हा इंग्लिश इंजिनिअर जळलेल्या भागाखाली गटारं बांधत होता. युरोपातल्या पहिल्या आधुनिक गटार योजनांपैकी ही एक. घरातला मैला पाण्याबरोबर वाहून थेट एल्ब नदीत. एका खड्ड्यातून खत वर येत होतं आणि दुसऱ्यातून ते कायमचं नदीला मिळत होतं. याच १८४२ साली इंग्लंडमध्ये जॉन लॉज याने सुपरफॉस्फेटचं पेटंट घेतलं. म्हणजे मैला नदीत सोडायचा आणि खत कारखान्यातून आणायचं, हा आजचा रिवाज साधारण तेव्हाच सुरू झाला.

इथे "जुनं तेच सोनं" म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. मला तो पटत नाही. एक तर मैल्यातून रोग पसरतात. पण नुसती गटारंही पुरत नाहीत: हॅम्बुर्ग एल्बचं पाणी न गाळताच पीत राहिलं आणि १८९२ च्या पटकीत तिथे साडेआठ हजारांवर माणसं गेली. शेजारचं आल्टोना वाळूतून पाणी गाळत होतं, ते बरंचसं बचावलं. आणि दुसरं, आपल्याकडचं. सोनखताचं सोनं उसाच्या मळ्यात दिसायचं, पण ते टोपलीतून डोक्यावर कोण वाहायचं? ठरावीक जातींची माणसं, पिढ्यानपिढ्या. ही प्रथा बंद करण्यासाठी १९९३ आणि पुन्हा २०१३ साली कायदे करावे लागले आणि तरीही गटारात उतरून माणसं मरतातच. त्यामुळे सोनखताच्या आठवणी काढताना जीभ जरा जपूनच चालवावी, असं मला वाटतं.

बरं, मग जाऊ दे ना नदीत? तेही परवडणारं नाही. नायट्रोजन हवेतून ओढता येतो, फॉस्फरस खाणीतूनच काढावा लागतो. जगातल्या फॉस्फेट खडकाच्या ज्ञात साठ्यांपैकी दोनतृतीयांशांहून जास्त मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहेत. आपण फॉस्फेटसाठी जवळजवळ पूर्णपणे आयातीवर. २००८ मध्ये या खडकाच्या किमती वर्षभरात कित्येक पटींनी भडकल्या होत्या. आणि जे पाण्यात जातं ते नदीनाल्यांत शेवाळ आणि जलपर्णी माजवतं.

वाट दाखवली ती एका डोकेदुखीने. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या हायपेरियन मैलापाणी केंद्रात पाइप आतून दगडासारखे भरत चालले. पाहतात तर काय, स्ट्रुव्हाइट! पुढे इंजिनिअरांनी विचार केला की हा खडा पाइपात धरण्याऐवजी आपणच वेगळ्या टाकीत धरवू. गाळातून निघालेल्या पाण्यात मॅग्नेशियम घालायचं, की खड्याचे मण्यांसारखे दाणे तयार होतात. २००९ पासून अमेरिकेत पोर्टलंडजवळच्या डरहॅम केंद्रात असे दाणे बनून खत म्हणून विकले जाऊ लागले. हाताने मैला उचलायचा प्रश्नच नाही.

आणि हॅम्बुर्ग? तिथे मैल्याचा गाळ जाळतात. त्या राखेतून फॉस्फोरिक आम्ल काढायच्या कारखान्याचं बांधकाम २०१९ साली सुरू झालं, वर्षाला सुमारे २०,००० टन राखेसाठी. जर्मनीने २०१७ मध्ये नियमच केला: एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या मोठ्या केंद्रांनी २०२९ पासून गाळातला फॉस्फरस परत मिळवायचा. ब्रांडच्या शोधानंतर बरोबर ३६० वर्षांनी!

हे सगळं महाग आहे, खाणीतला फॉस्फरस अजून स्वस्त पडतो, हे खरं. पण त्या स्वस्ताईत नदीची किंमत कुठे धरलेली असते? आपल्या शहरांत नवी मैलापाणी केंद्रं होतायत. त्यांची मोजणी किती पाणी शुद्ध केलं एवढ्यावरच होते. किती खत शेताला परत दिलं, हा रकानाही त्यात हवा. आणि शेजारी दुसरा: त्यासाठी एकाही माणसाला गटारात उतरावं लागलं नाही ना? दोन्ही रकाने नीट भरता आले, तरच सोनखत हा शब्द पुन्हा अभिमानाने वापरता येईल.